हिरासिंगच्या मोटरचा पोंगा

"अवो, कंदिलाचं बूड कुठी गेलं?" कौसल्येने दारातूनच आवाज दिला.

नागोराव अंगणात तिच्याकडे पाठ करून बसला होता. "कोनत्या कंदिलाचं?"

"घरात काय कंदिलाचं दुकान हाय? एकच तं हाय आपला!"

"मंग असन अठीच कुठी. उंदरानं नेलं असन."

"उंदीर पितळ खाते?"

नागोरावने मांडी आणखी घट्ट घातली. कारण त्या घटकेला कंदिलाचे बूड त्याच्या मांडीखाली होते, आणि तेही अर्धेच. उरलेले अर्धे कातरून, ठोकून, घासून त्याची पातळ पत्ती झाली होती आणि ती रहमत मिस्त्रीच्या ऐरणीवर पडली होती. उठावे तर मांडीखालचे उघडे पडणार, म्हणून तो उठलाच नाही. दिवेलागण होईस्तोवर तो तसाच बसून राहिला. नागोराव जागचा हलत नाही म्हणजे तो आजारी तरी असेल किंवा त्याने काही करून तरी ठेवले असेल, एवढे ओळखायला कौसल्येला कंदिलाच्या उजेडाची गरज नव्हती.

स्वस्थ बसणे नागोरावला जन्मात जमले नव्हते. तो फुलसावंगीच्या सडकेवर मैलकुली होता. दिवसभर खड्डे बुजवायचे, मुरूम पसरायचा आणि घमेले रिकामे झाले की ते पालथे घालून त्यावर बोटे वाजवायची. तो डफडे वाजवणाऱ्याच्या घरात जन्मला होता. बाप वाजवायचा, आजा वाजवायचा. गावात लग्न असो, देव असो, पाटलाच्या बैलाची पूजा असो, "ये रे" म्हटले की डफडे गळ्यात अडकवून निघायचे. पण दीड-एक वर्षापूर्वी सगळ्या वस्तीने दीक्षा घेतली आणि ठरवले, की आता कुणाच्या हुकमावरून वाजवायचे नाही. त्या बैठकीत सगळ्यात आधी हात वर केला तो नागोरावनेच. त्याचा त्याला कधी पश्चात्तापही झाला नाही. फक्त अडचण अशी झाली, की निर्णय डोक्याने घेतला होता, हातांना कुणी विचारलेच नव्हते.

ते हात आता कुठेही वाजू लागले. पाण्याचा गुंड, दाराची फळी, सडकेवरचा मैलाचा दगड. एकदा तर झोपेत त्याने कौसल्येच्या पाठीवर असा काही ठेका धरला, की ती ताडकन उठून बसली आणि म्हणाली, "सबन अंग ठनकून राह्यलं माहं! मी काय परात हाव?"

अठ्ठावन्नचा चैत्र लागला. चौदा एप्रिल जवळ आला. वस्तीत डोमाजी म्हणून वयस्क गृहस्थ होते. मंडळाचे काम तेच पाहत. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितले, "यंदा जयंतीची मिरवनूक वस्तीतून निघून सडकेपर्यंत न्यायाची. पन मुक्यानं नाही. काही वाजलं पायजे."

"डफडं?" कुणीतरी विचारले.

"डफडं नाही. ते जुनं झालं. नवं काहीतरी."

"ते म्या पाहातो," नागोराव म्हणाला. त्याच्या मनात काहीही नव्हते. पण बोटे नाचवण्याची संधी समोरून जात असताना गप्प राहणे त्याला शक्य नव्हते.

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. नवे म्हणजे काय? पेटी घ्यायला ऐपत नव्हती, आणि ऐपत असती तरी पेटी बसून वाजवायची असते. हा बसणार कसा? तो सडकेवरून घरी आणि घरून सडकेवर अशा येरझाऱ्या घालू लागला. आणि एके दिवशी त्या येरझाऱ्यांत रहमत मिस्त्रीच्या निंबाखाली येऊन थांबला.

रहमतचे दुकान म्हणजे तो निंब आणि त्याच्या आजूबाजूचे भंगार. सडकेला लागूनच. मोटरची दुरुस्ती, तेलाच्या इंजिनाची दुरुस्ती, स्टोव्ह, कुलूप, जे येईल ते. जे दुरुस्त व्हायचे ते गिऱ्हाईक घेऊन जाई, जे होत नसे ते निंबाखाली राही. त्यामुळे रहमतच्या आयुष्यभराच्या अपयशाचा तिथे ढीग झाला होता.

त्या ढिगाच्या माथ्यावर एक पोंगा पडला होता. मोटरचा. पितळी, काळा पडलेला, मधेच पोचा पडलेला. त्याचा रबरी गोळा फाटून लोंबत होता.

"हा कोनाचा?" नागोरावने विचारले.

"हिरासिंगच्या मोटरचा," रहमत म्हणाला. "त्यानं नवा बिजलीचा हॉर्न आणला नागपूरहून. बटन दाबलं का वाजते. हा फेक म्हने. फेकला."

नागोरावने पोंगा उचलला. धोतराच्या सोग्याने एका जागी घासला, तर आतून पिवळे झळकले. त्याने तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, तोंडाशी धरून फुंकून पाहिला. आतून फक्त धूळ आली आणि एक कोळी.

"रहमतभाई, हे धोतऱ्याच्या फुलावानी दिसते."

"पोंगा दिसते मले तं."

"पोंगा तं हायच. पन पाह्य ना, कसा उमलला हाय." नागोरावची बोटे पितळेवर थिरकू लागली होती. "याले डफडं कोनी म्हननार नाही. याच्यावर कोनाचा हुकूम नाही. देवाचा नाही, पाटलाचा नाही. हे कोनत्या घरातून आलं, कोनी इचारनार नाही."

"भंगाराले जात नसते, नागोरावभाऊ," रहमत म्हणाला आणि त्याने पाना खाली ठेवला. "पन याची जिभली गेली. आत पितळेची पत्ती असते, ते तुटली. पातळ पितळ पायजे. हाय का तुह्याजवळ?"

त्याच संध्याकाळी कंदिलाचे बूड नाहीसे झाले.

पुढचे आठ-दहा दिवस नागोराव घरात फक्त भाकर खाण्यापुरता सापडे. पोंग्याला चिंच लावून त्याने तो असा घासला, की त्यात निंबाचा शेंडा उलटा दिसू लागला. रहमतने ट्रकच्या ट्यूबचा तुकडा जोडून गोळा केला. मग एकट्या पोंग्याने भागेना. ढिगात जे जे दिसे त्यातून नागोरावला काही ना काही ऐकू येऊ लागले. शिलाई मशीनचे पायडल निघाले, ते पायाने दाबले की लोखंडी दांडी उठून पालथ्या घमेल्यावर पडायची. मोडक्या सायकलचे हँडल निघाले, त्यावर पोंगा बांधला. पोंग्याच्या बाजूला रॉकेल ओतायचे नरसाळे, म्हणजे चाडी, उलटी टांगली, ती नुसती टिचकीने टणटण वाजे. डांबराचा रिकामा पिपा आडवा करून त्यावर हे सगळे बसवले. आता हाताला काम होते, पायाला काम होते, आणि नागोरावच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसू लागले. रहमत दुरून पाहून म्हणाला, "या अल्ला! यानं तं माह्या भंगाराची बरात काढली."

मग एका सकाळी, सडकेवर जाण्याआधी, नागोरावने वस्तीच्या टोकाला उभे राहून पोंग्याचा गोळा पहिल्यांदा पुरा दाबला.

"भोंऽऽऽप्प!"

इथे गावाची एक रीत सांगायला हवी. हिरासिंगची सर्विस मोटर फुलसावंगीहून रोज सकाळी पुसदला जायची. ती मागच्या बंजारा तांड्यावरून यायची, आणि तिचा थांबा गावाबाहेर, नाल्यापलीकडे होता. हिरासिंग थांब्यावर फार वेळ थांबत नसे. पण टेकडीच्या वळणावर आला, की तो एकदा पोंगा दाबायचा. तो ऐकून बायांनी चूल विझवायची, माणसांनी पागोटे गुंडाळायचे, गाठोडी उचलायची आणि नाला ओलांडायचा. तोवर मोटर येऊन उभी राही. इतकी वर्षे गाव घड्याळावर नव्हे, त्या पोंग्यावर चालत होते. पोंगा काढल्यापासून मोटर इंजिनाच्या कामासाठी बंद होती, आणि नवा हॉर्न लावून ती नेमकी त्या सकाळी पहिल्यांदा निघणार होती. आणि नागोरावने कंदिलाच्या पितळेतून जी जिभली घडवली होती, ती अशी काही जमली होती, की आवाज हुबेहूब जुन्या मोटरचा आला. उलट थोडा जास्तच खणखणीत.

त्या दिवशी बाबाराव पाटलांना पुसदला जायचे होते. त्यांच्या मुलीची सोयरीक तिथे जमत आली होती, आणि मुलाचा बाप, मोठा तालेवार माणूस, त्यांची वाट पाहत होता. बाबाराव ओसरीवर दाढी करून घेत होते. उजवा गाल झाला होता, डाव्या गालाला साबण लागला होता.

"भोंऽऽऽप्प!"

"अरे बाप रे, मोटर आली!" बाबाराव उठले. न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. एका गालाला फेस, खांद्यावर फडके, हातात पेढ्यांचा पुडा, अशा थाटात पाटील नाला ओलांडून थांब्यावर पोचले. त्यांच्यामागे निम्मे गाव गाठोडी घेऊन धावत आले.

थांब्यावर मोटर नव्हती. धूळही नव्हती.

"गेली वाटते," कुणी म्हणाले.

"अशी कशी जाईन? आपून तं आत्ताच आयकलं."

"बंद पडली असन वळनावर."

सगळे वळणाकडे पाहत उन्हात उभे राहिले. बाबारावांच्या गालावरचा फेस वाळून तडकू लागला. बराच वेळ झाला, तसे एकेक जण शिव्या देत घरी परतले. बाबारावही परतले आणि उरलेली दाढी करायला बसले. तेवढ्यात टेकडीकडून "किर्रर्र" असा कर्कश आवाज आला.

"हे काय वाजलं?" त्यांनी विचारले.

"चक्कीचा पट्टा असन, जी," न्हावी म्हणाला. "सुकला का तसाच कोकलते."

तो चक्कीचा पट्टा नव्हता. तो हिरासिंगचा नागपूरचा हॉर्न होता. हिरासिंग थांब्यावर आला, तर एक चिटपाखरू नव्हते. त्याने पुन्हा बटन दाबले. नाल्याकाठची एक म्हैस तेवढी वळून पाहू लागली. शेवटी तो रिकामी मोटर घेऊन पुढे गेला.

त्याच दिवशी रात्रीपर्यंत गावाला कळले, की नवा हॉर्न किर्र वाजतो आणि भोंप म्हणजे नागोराव. तेव्हा सगळ्यांनी ठरवले, भोंप झाले तर हलायचे नाही, किर्र झाले की निघायचे. हिशेब सरळ होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी किर्र वाजले ते खरोखरच चक्कीच्या पट्ट्याचे. लोक पुन्हा नाल्यापलीकडे जाऊन उन्हात उभे राहिले, परत आले, आणि ते परतल्यावर जे किर्र झाले त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मोटर पुन्हा रिकामी गेली. पाटलांचे पेढे घरीच राहिले.

तिसऱ्या दिवशी बाबारावांनी पुसदला सांगावा पाठवला, की मोटर चुकते आहे, राग मानू नये. उलट सांगावा आला: आमच्या गावात तर मोटर रोज येते. येत्या सोमवारी याल तर या, नाही तर आम्हाला दुसरी स्थळे आहेत.

येता सोमवार म्हणजे चौदा एप्रिल.

बाबारावांचा पारा चढला. ते तडक रहमतच्या निंबाखाली आले. योगायोग असा, की हिरासिंगही मोटर उभी करून तिथेच आला होता, आणि तोही शांत नव्हता. नागोराव आपल्या त्या भंगाराच्या वाद्याशी बसून पायडल दाबत होता. बाजूला डोमाजी मान डोलवत उभे होते. कौसल्या नवऱ्याची भाकर घेऊन आली होती. त्या भंगाराच्या मधोमध आपल्या कंदिलाचे राहिलेले अर्धे बूड तिला नुकतेच दिसले होते, त्यामुळे तिचीही मनःस्थिती वेगळी नव्हती.

"ए नाग्या!" बाबाराव गरजले. "बंद कर तो पोंगा. आन दे इकडं."

पायडल थांबले. नागोराव उभा राहिला. "देनार नाही, पाटील. चोरला नाही म्या. फेकलेला उचलला."

"माह्या मोटरचा हाय तो!" हिरासिंग म्हणाला आणि त्याने आपल्या बंजारी बोलीत आईला हाक मारली. "याडी ये! दोन रोज झाले, रिकामे बाकडे घेऊन फिरून राह्यलो पुसदले. माह्या मोटरले कोनी वयखत नाही."

"तूच तं म्हनलास, फेक!" रहमतने आठवण दिली.

"फेक म्हनलं, वाजव नाही म्हनलं!"

"फेकलेलं वाजलं तं तुह्या पोटात काहून दुखते?"

"मले तो पोंगा पायजे. आजच्या आज."

"सोमवारी मिरवनूक हाय," नागोराव म्हणाला. त्याचा हात पोंग्यावरून निघत नव्हता. "मिरवनूक झाली का ने. त्याच्या आधी नाही. हे म्या घासलं, म्या घडोलं. रातच्या रात निजलो नाही. हे कोनाच्या हुकमानं माह्या हातात आलं नाही, अन् हुकमानं जानारबी नाही."

 दोन वर्षांपूर्वी कुणी पाटलाला असे बोलला नसता. बाबारावांचा चेहरा लाल झाला. डोमाजी एक पाऊल पुढे सरकले. हिरासिंगने मिशीवरून हात फिरवला.

"सोमवारी मोटर चुकली तं माह्या पोरीची सोयरीक मोडन," बाबाराव म्हणाले. या वेळी आवाज थोडा खाली आला होता. "ते कोन भरून देईन?"

"अन् आमची मिरवनूक मुकी गेली तं?" नागोरावने विचारले.

कौसल्येने भाकरीचे फडके जोरात खाली ठेवले. "झालं का तुमचं? एकाले पोंगा मोटरवर पायजे, एकाले मिरवनुकीत पायजे. मंग लावा ना पोंगा मोटरले, अन् आना मोटर मिरवनुकीत! आन पाटलाले बशिवा मोटरीत! कंदील तं माहा गेलाच हाय, आता काय फरक पडते?"

ती रागाने बोलली होती. पण सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"सोमवारी मोटर सकाळीच निंघते," हिरासिंग हळूच म्हणाला.

"मिरवनूक बी सकाळीच हाय," डोमाजी म्हणाले. "वस्तीपासून थांब्यापर्यंत."

"मोटर मी मानूस पायानं चालते तशी हळू चालोतो. पन मी स्टेअरिंग धरीन का पोंगा?"

"पोंगा म्या वाजोतो," नागोराव म्हणाला. "डाव्या मडगार्डवर बसून."

"मंग डावीकडंच बशोतो," रहमत म्हणाला आणि पाना उचलला. "उजवीकडचा क्लँप तसाबी तुटला हाय."

"आन मी?" बाबाराव ओरडले. "मी मिरवनुकीत? लोक काय म्हनतीन?"

"तुमी मिरवनुकीत कुठी?" कौसल्या म्हणाली. "तुमी मोटरीत. मिरवनूक मोटरीच्या भोवतानं."

त्यात काय फरक आहे हे बाबारावांना कळले नाही, पण दुसरी मोटरही नव्हती.

सोमवारी सकाळी मोटर वस्तीत आली. तिच्या नाकावर निळ्या पताका बांधल्या होत्या. समोर बाबासाहेबांची तसबीर फुलांनी सजवलेल्या बैलगाडीत होती, त्यामागे पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, मग पोरे आणि माणसे, आणि सगळ्यांच्या मधे हिरासिंगची मोटर, आत पुसदला जाणारी गिऱ्हाइके कोंबून. पुढच्या मानाच्या बाकावर, डाव्या खिडकीशी, बाबाराव बसले होते. नवे पागोटे, दोन्ही गाल गुळगुळीत, मांडीवर पेढ्यांचा पुडा. ते समोर पाहत होते, म्हणजे कुणाकडेच पाहत नव्हते. त्यांच्यापासून हातभर अंतरावर, खिडकीबाहेर, नागोराव मडगार्डवर चढून बसला होता.

त्याने गोळा दाबला. एकदा लांब, दोनदा तुटक. मग दुसऱ्या हाताने मडगार्डच्या पत्र्यावर ठेका धरला.

"माह्या मोटरचा रंग जाईन बे!" हिरासिंग आतून ओरडला. पण तोवर मागे पोरांनी उचलून आणलेल्या पिप्यावर आणि घमेल्यांवर तोच ठेका धरला होता, आणि त्याचे ओरडणे कुणाला ऐकू गेले नाही. थोड्या वेळाने तो स्वतःच ठेक्यावर क्लच दाबू लागला.

फुलसावंगीने तसे वाजवणे कधी ऐकले नव्हते. पोंगा हुंकारत होता, पत्रा कडकडत होता, चाडी टणटणत होती. नागोरावचे डोळे मिटले होते. इतक्या महिन्यांची हातांतली सगळी तगमग त्या पितळेतून बाहेर पडत होती. कुणी नीळ उधळली, ती खिडकीतून आत गेली आणि बाबारावांच्या पागोट्यावर बसली. ते झटकायला गेले, तर हातालाही लागली. डोमाजींनी तसबिरीला घातलेल्या फुलांतला एक हार मोटरला घालायला पुढे दिला. घालणाऱ्याचा नेम चुकला आणि हार पाटलांच्या गळ्यात पडला. बाबारावांनी तो काढला नाही. काढला तर लोक पाहतील, या भीतीने.

थांब्यावर मिरवणूक थांबली. बैलगाडी वळली. घोषणा झाल्या. पण नागोराव थांबला नाही, त्याला ते दिसलेच नाही. हिरासिंगने सूर्याकडे पाहिले, बाबारावांनी हिरासिंगकडे पाहिले.

"हाण आता! सोयरीक मोडते माही!"

हिरासिंगने पाय दिला. मोटर निघाली.

मडगार्ड हादरले तसे नागोरावने डोळे उघडले. वस्ती मागे गेली होती. कौसल्या सडकेवर दोन्ही हात हलवत उभी होती आणि लहान लहान होत चालली होती.

"अरे थांबव! थांबव!" तो ओरडला. इंजिनाच्या आवाजात त्याचे त्यालाच ऐकू आले नाही. मग त्याने थांबवायला पोंगा दाबला. भोंप! भोंप! भोंप! हिरासिंगने आतून हात उंचावून दाद दिली, "वा रे पठ्ठ्या!" आणि वेग वाढवला.

पुढच्या तांड्यावर तो पोंगा ऐकून माणसे जी धावत आली, ती मोटर थांबल्यावरच थांबली. हिरासिंगची चुलती जमनी त्यांत पुढे होती. "आली व माय, खरी मोटर आली!" असे म्हणत तिने पोंग्याला हात लावून पाहिले. नागोराव मडगार्डवरून उतरला. त्याच्या अंगावर धुळीचा थर होता.

"मले परत जाऊ द्या," तो म्हणाला.

"कायनं जातं?" हिरासिंगने विचारले. "मोटर सांजच्याले फिरते. बस आता. पुसद पाहून घे."

पण बसणार कुठे? आत मुंगी शिरायला जागा नव्हती. नागोराव सडकेकडे पाहत उभा राहिला. बाबारावांनी घसा साफ केला. त्यांनी पेढ्यांचा पुडा मांडीवर घट्ट धरला, हिरासिंगकडे थोडे सरकले आणि दाराची कडी काढली.

"बस आत," ते बाहेर पाहत म्हणाले. "पन वाजवू नको."

नागोराव बसला. पाटलाच्या शेजारी, एकाच बाकावर, खांद्याला खांदा लागून. दोघेही ताठ बसले. नागोरावने हात मांडीखाली दाबून धरले, नाही तर ते दारावर वाजले असते. मोटर धावू लागली. एक बैलगाडी आली, हिरासिंगने ओरडून ती बाजूला करवली. दुसरी आली. तेव्हा बाबाराव म्हणाले, "ते मंघा थांब्यापाशी काय वाजोत होता? शेवटचं?"

"कोनतं?"

"आधी लांब, मंग दोनदा... अन् मंग ते असं हिचकी देल्यावानी."

"ते अर्धाच गोळा दाबला का होते."

"वाजवून दाखव बरं. बैलगाडी हाय समोर."

समोर बैलगाडी नव्हती. नागोरावने खिडकीतून हात काढून वाजवले. बाबारावांनी मान वाकडी करून ऐकले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "सरक जरा इकडं." आणि जागा बदलून ते खिडकीशी गेले. त्यांनी बाहेर हात घातला आणि गोळा दाबला. भॅक्.

"तसं नाही, पाटील. एकदम सोडू नका. धरून ठेवा, अन् मंग हळू सोडा."

भोंऽऽप.

"हां! आता अर्धा."

भॅक्.

"पुन्हा."

मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, "कोनाची वरात हाय व?"  हिरासिंगने मिशीला पीळ दिला. त्याची मोटर भरलेली होती, आणि पुढच्या प्रत्येक फाट्यावर माणसे सडकेच्या कडेला उभी राहून वाट पाहत होती. नवा हॉर्न आणल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होते.

पुसदच्या थांब्यावर मुलाचा बाप आधीच येऊन उभा होता. जरीचे उपरणे, हातात चांदीच्या मुठीची काठी, सोबत दोन भाऊबंद. पाटील आज तरी येतात की नाही, आणि नाही आले तर काय बोलायचे, हे तो ठरवून आला होता. तेवढ्यात वळणावरून लांब, मग तुटक, मग हिचकी दिल्यासारखा असा काही विलक्षण आवाज आला, की भाजीवाल्या बायांनी तराजू खाली ठेवले. मोटर येऊन थांबली. गळ्यात हार, पागोट्यावर नीळ आणि एक हात अजून मडगार्डवरच्या पोंग्याच्या गोळ्यावर, असे आपले होणारे व्याही पुढच्या दारातून उतरताना त्याने पाहिले. पाठोपाठ धुळीने माखलेला नागोराव उतरला.

 मुलाच्या बापाने पाटलांना वरपासून खालपर्यंत पाहिले, मग नागोरावला पाहिले.

"आन हे कोन?" त्याने काठी रोखून विचारले.

नागोराव मागे सरला. या प्रश्नाचे उत्तर आजवर गावोगाव कसे दिले जाते ते त्याला ठाऊक होते.  बाबारावांनी हातातल्या गोळ्याकडे पाहिले आणि तो हळूच सोडला. पोंगा एकदा बारीकसा हुंकारला.

"हे?" बाबाराव म्हणाले. "हे आमचे मास्तर हायत. पोंगा शिकोतात. या, मास्तर, पुढं या."

नागोरावने मागे वळून पाहिले, कोण मास्तर आला म्हणून.